घरी घडविलेली विमाने आणि दुसऱ्याचा डोळा

व्याख्यानाचा विषय ठरविताना ज्या गावात बोलावयाचे त्या गावाचा विचार वक्त्याला करावा लागतो. भिवंडी हे यंत्राचे गाव. धामणकर नाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून कित्येक दशके मागांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकू येत आला. आज पुष्कळ माग थंडावले आहेत. तथापि यंत्राशी हातघाईची ओळख असलेला माणूस या गावातून नाहीसा झालेला नाही. येथे माग बिघडला तर तो ज्याने बनविला त्याच्याकडे परत धाडण्याची रीत नाही. जॉबर येतो, कान देऊन आवाज ऐकतो, पाना फिरवतो, एखादा भाग शेजारच्या लेथवर कातून आणतो आणि माग चालू करून देतो. त्याच्याजवळ पदवी असेलच असे नाही. विद्या मात्र असते, आणि ती हातात असते.

अशा गावात घरी घडविलेल्या विमानाच्या अपघाताचा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विमाने प्रथम ज्यांनी घडविली ते याच कुळीचे लोक होते. अमेरिकेतील राइट बंधूंचे डेटन गावी सायकलचे दुकान होते. त्यांच्या विमानाचे इंजिन चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या कारागिराने त्याच दुकानात सुमारे सहा आठवड्यांत तयार केले. मोठमोठे विमानांचे कारखाने मागाहून आले. आधी होते ते घर, अंगण आणि दुकानाची मागली खोली. म्हणून या अपघातांचा इतिहास हा कारागिराचा इतिहास आहे, आणि त्याच दृष्टीने आम्ही तो येथे पाहणार आहोत.

प्रथम आपल्याच राज्यातील हकीकत सांगू. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील एका गावी वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण राहत असे. शाळा त्याने लवकर सोडली होती. लोखंडी नळ्या, पत्रे आणि मोटारीचे इंजिन यांची जुळणी करून, सुमारे दोन वर्षे खपून, त्याने एक छोटे हेलिकॉप्टर उभे केले. स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवावे असा त्याचा मनोदय होता. २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात, त्या दिवसाच्या काही दिवस आधी, रात्रीच्या वेळी तो यंत्रात बसून जमिनीवरच पंखे फिरवून पाहत होता. शेपटाकडच्या लहान पंख्याचे पाते तुटले आणि वरच्या मोठ्या पंख्यावर जाऊन आदळले. मोठ्या पंख्याचा तडाखा आत बसलेल्या त्या तरुणाच्या डोक्यास बसला आणि त्यात तो गेला. यंत्राने जमीन सोडलीच नव्हती. उड्डाणाआधीच उड्डाणाचा अपघात घडला.

ही बातमी आली तेव्हा दोन प्रकारचे उद्गार ऐकू आले. काहींनी अडाणीपणा म्हणून ती बाजूस सारली; शिक्षण नाही, आणि निघाला हेलिकॉप्टर करायला, असा त्यांचा सूर होता. दुसऱ्या पक्षाने त्याला हुतात्मा ठरविले आणि सरकारने अशा बुद्धिमंतांना मदत करीत नाही म्हणून हळहळ व्यक्त केली. आम्हांला हे दोन्ही उद्गार उथळ वाटतात. पहिला खोटा आहे, कारण या मार्गावर पडलेल्यांत जगातील उत्तमोत्तम जाणकार आहेत. दुसरा अपुरा आहे, कारण मदत म्हणजे नेमके काय हे तो सांगत नाही. नुसते पैसे मिळाले असते तर ते पाते कदाचित थोड्या महाग धातूचे झाले असते. ते तुटले नसते असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. मग उणे काय होते? ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल हा अडाणी नव्हता. तो स्वतः एंजिनियर आणि कारखानदार होता. पक्ष्यांच्या पंखांचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथ लिहिला. १८९१ पासून पाच वर्षांत स्वतः घडविलेल्या पंखांवर त्याने सुमारे दोन हजार वेळा टेकड्यांवरून हवेत झेप घेतली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या एका झोताने त्याचे यंत्र वर उचलले, हवेत क्षणभर थबकवले आणि खाली आपटले. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा अंत झाला. शरीर पुढेमागे झुकवून यंत्राचा तोल राखणे ही त्याची रीत होती. मंद वाऱ्यात ती पुरे. जोराच्या झोतापुढे माणसाच्या वजनाची ती झुकांडी अपुरी पडली. परंतु लिलिएन्थालने आपली मापे, कोष्टके आणि छायाचित्रे जगापुढे ठेवलेली होती. त्याच्या मृत्यूची बातमी वाचूनच विल्बर राइटचे लक्ष या विषयाकडे नव्याने वळले. मेलेल्या माणसाची वही जिवंत माणसाच्या हाती पडली, हे या इतिहासातील पहिले भाग्य होय.

इंग्लंडमधील पर्सी पिल्चर हा लिलिएन्थालला भेटून, त्याच्या यंत्रावर बसून आलेला. त्याची गोष्ट आपल्या यवतमाळच्या गोष्टीस फारच जवळची आहे. इंजिन बसविलेले एक नवे यंत्र त्याने तयार केले होते आणि ते पाहण्यासाठी ३० सप्टेंबर १८९९ रोजी स्टॅनफर्ड हॉल येथे मोठी मंडळी निमंत्रिली होती. थोडे दिवस आधी इंजिनाचा दांडा मोडला. हवाही चांगली नव्हती. पाहुणे मात्र आलेले होते. त्यांना रिकाम्या हाताने कसे पाठवावे? म्हणून पिल्चरने आपले जुने, बिनइंजिनाचे यंत्र बाहेर काढले. ते हवेत असताना शेपूट मोडले, आणि तो सुमारे तीस फुटांवरून खाली आला. दोन दिवसांनी तो वारला. वय अवघे बत्तीस.

येथे आम्ही श्रोत्यांना थोडे थांबण्याची विनंती करतो. पिल्चरचा घात तुटलेल्या शेपटाने झाला हे खरे. पण तुटके शेपूट आणि तो यांची गाठ घालून दिली ती ठरलेल्या तारखेने. यंत्र तयार आहे की नाही हा प्रश्न यंत्राला विचारावयाचा असतो. येथे तो पाहुण्यांना विचारला गेला. तारखेला धातू ओळखत नाही. स्वातंत्र्यदिन असो की लग्नाचा मुहूर्त असो, नळीतील चीर त्यासाठी एक दिवस थांबत नाही. आमच्या यवतमाळच्या तरुणाला रात्रीच्या वेळी यंत्रात बसावयास कोणी सांगितले हे आम्हांला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पंधरा ऑगस्ट जवळ आला होता, एवढे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

आता राइट बंधूंची रीत पाहा. लिलिएन्थालच्या कोष्टकांनी केलेली त्यांची यंत्रे अपेक्षेइतकी उचलली जात ना, तेव्हा १९०१ च्या शरद ऋतूत त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, तिच्या तोंडाशी पंखा बसवला आणि त्या वाऱ्यात सुमारे दोनशे प्रकारचे छोटे पंख टांगून प्रत्येकाचा जोर मोजला. पुढील वर्षी बिनइंजिनाच्या यंत्रावर त्यांनी शेकडो उड्डाणे केली. या सर्वांनंतर १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑरव्हिल १२ सेकंद आणि १२० फूट उडाला. पाहावयास होते पाच जण. तेथे मांडव नव्हता आणि हारतुरेही नव्हते. शिवाय ते दोघे होते, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने ते खोडावे, कधी कधी तर भांडता भांडता दोघांनीही एकमेकांची बाजू घ्यावी, असा त्यांचा क्रम असे. प्रत्येकाच्या कामावर दुसऱ्याचा डोळा होता.

तरीही अपघात टळला नाहीच. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे सैन्याच्या अधिकाऱ्यांपुढे उड्डाण चालू असताना पंख्याचे एक पाते उभे चिरले. त्याच्या थरथरीने पंखा सुकाणू ताणून धरणाऱ्या तारेस लागला, तार सुटली आणि विमान कोसळले. ऑरव्हिल जबर जखमी झाला, आणि सोबत बसलेला लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज प्राणास मुकला. इंजिनाच्या विमानात मृत्यू आलेला तो पहिला माणूस. श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल की, तुटलेले पाते आणि त्याने दुसऱ्या फिरत्या अगर ताणलेल्या भागाचा केलेला घात, हा प्रकार १९०८ चा आणि २०२१ चा एकच आहे. ऑरव्हिलने पुढे मोडके भाग तपासून कारण शोधले, दुरुस्ती केली, आणि १९०९ साली त्याच मैदानावर परीक्षा पुरी केली.

फिरत्या पात्याचे सामर्थ्य माग चालविणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. धोटा मागातून उडाला तर समोरच्याचा डोळा घेतो हे येथे प्रत्येकास माहीत आहे. आता त्या मानाने हिशेब करा. समजा, ४ मीटर लांबीचे पाते मिनिटास ३०० फेरे घेत आहे. त्याचे टोक ताशी सुमारे ४५० किलोमीटर वेगाने धावते. तेवढ्या वेगात ते मुळाशी स्वतःला सतत उपटत असते. प्रत्येक फेऱ्यागणिक थोडा ताण, थोडी ढील, पुन्हा ताण. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका वेळी न तुटणारी ती शेवटी तुटते, तसेच धातूचे होते. वेल्डिंगच्या जोडाशेजारी ही चीर बहुधा सुरू होते आणि डोळ्यास दिसत नाही. वेल्डिंग करणारा कितीही कुशल असो, आपल्याच जोडावर त्याचा विश्वास असतो; आणि विश्वास हा तपासणीस पर्याय होत नाही.

एका माणसाची चूक शेकडो अंगणांत पोचली तर काय होते, याचाही दाखला आहे. आँरी मीन्ये नावाच्या फ्रेंच गृहस्थाने सर्वसामान्यांना घरी करता येईल असे एक चिमुकले विमान आखले आणि १९३४ साली त्याचे पुस्तक छापले. आकाशातील पिसू अशा अर्थाचे त्याचे नाव होते. पुस्तक विलक्षण खपले. फ्रान्स-इंग्लंडात सुतार, शिक्षक, गॅरेजवाले रात्री जागून पिसवा जोडू लागले. स्वतः मीन्ये १९३५ साली ती घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून आला. मग पाठोपाठ माणसे मरू लागली. यंत्र नाक खाली घालून सूर मारी आणि चालकाने दांडा मागे ओढला तरी वर येईना. अखेर इंग्लंडात फार्नबरो येथे आणि फ्रान्समध्ये शाले-म्यूदाँ येथे ते अख्खे विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासले, तेव्हा मर्म उमगले. पुढचा पंख मागच्या पंखाच्या फार जवळ होता. दांडा ओढला की पुढचा पंख कलून दोहोंमधली फट अरुंद होई, त्यातून वारा जोराने मागच्या पंखावर धावे, शेपूट उचलले जाई आणि नाक आणखीच खाली जाई. वाचण्यासाठी जे करावयाचे तेच बुडविणारे ठरे. १९३६ साली या विमानांवर बंदी आली. पुढे दोष काढून टाकल्यावर सुधारलेली पिसू पुन्हा उडूही लागली.

या शोकांतिकेत मेलेले लोक बेफिकीर होते असे म्हणता येणार नाही. त्यांनी पुस्तकाप्रमाणे खिळान्‌खिळा ठोकला होता. दोष खिळ्यात नव्हताच. घरच्या अंगणात तो सापडणे शक्य नव्हते. त्यासाठी बोगदा हवा होता, आणि बोगदा हा कोणा एकट्याच्या घरी असत नाही. येथे कारागिराची सीमा संपते आणि समाजाचे काम सुरू होते.

अलीकडचा एक दाखला देऊन परदेशातून परतू. अमेरिकेचा नामांकित गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या उपसागरात विमान पडून वारला. विमान घरी घडविलेले होते. दुसऱ्याने केलेले, त्याने विकत घेतलेले. मूळ आराखड्यात पेट्रोलच्या टाक्या बदलण्याची तोटी चालकाच्या पायांमध्ये होती. करणाऱ्याने ती त्याच्या डाव्या खांद्यामागे बसवली. तोटी फिरवायची तर हात सोडून मागे वळावे लागे, आणि वळताना पाय एका बाजूच्या पट्टीवर दाबला जाई. चौकशीत हाच दोष, अपुरे पेट्रोल आणि नव्या यंत्राची अपुरी ओळख ही कारणे पुढे आली. ज्याने तोटी बसवली त्याच्या अंगवळणी ती पडलेली असणार. स्वतःच्या घरातील उंबरठा आपणांस ठेचकाळत नाही, पाहुण्यास ठेचकाळतो. म्हणून घर पाहुण्याकडून पाहून घ्यावे.

या अनुभवातून पाश्चात्त्यांनी जी तोड काढली ती आमच्या मते शिकण्याजोगी आहे. त्यांनी घरगुती विमाने मोडून टाकली नाहीत. त्यांना वडीलधारे दिले. इंग्लंडात १९४६ साली हौशी विमानकारांची संस्था निघाली आणि आजही ती वेगळ्या नावाने चालू आहे. तिचे तपासनीस काम चालू असतानाच घरी येतात. सांगाड्यावर कापड अगर पत्रा चढविण्याआधी आतील जोड दुसऱ्याने पाहिलाच पाहिजे असा तेथे दंडक आहे, कारण झाकल्यावर काय पाहणार? अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशीच संस्था काढली. तेथे नवे विमान प्रथम काही ठरावीक तास, विरळ वस्तीवर, उतारू न घेता उडवावे लागते आणि त्यावर ते प्रायोगिक आहे असे ठळक लिहावे लागते. या नियमांत धाक आहे, पण अपमान नाही. कारागिराला ते परत पाठवीत नाहीत, फक्त एकटे सोडीत नाहीत.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे प्रथम आख्यायिका आहे. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले असे सांगतात. तळपदे यांच्या तळमळीबद्दल शंका नको. पण त्या उड्डाणाची मापे, आराखडा, समकालीन निःपक्षपाती नोंद यांपैकी काहीच हाती नाही. ज्या वैमानिक शास्त्राचे नाव या संदर्भात घेतले जाते तो ग्रंथ तळपदे वारल्यानंतर तोंडी सांगून लिहविलेला आहे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली त्यातील विमाने तपासून ती उडू शकणार नाहीत असा निर्वाळा दिला. आम्हांला खंत वेगळीच वाटते. लिलिएन्थाल पडला तरी त्याची वही उरली. आमच्याकडे उड्डाणाची कीर्ती उरली, वही उरली नाही. आणि कीर्तीवरून पुढच्याला पाते किती जाड असावे ते कळत नाही.

कायदा आहे. १९३४ चा विमान अधिनियम आणि १९३७ चे नियम कित्येक दशके चालले. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम त्या जुन्या अधिनियमाच्या जागी आला. हौशी माणसाने घडविलेल्या विमानासही परवान्याची वाट आहे. ती वाट किती लांब आहे हे कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून दिसते. ते धंद्याने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान जोडले. हा त्यांचा तिसरा प्रयत्न. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले, २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली, आणि चाचणी-उड्डाणाचा परवाना २०१९ च्या ऑक्टोबरात हाती आला. विमानतळ, कचेऱ्या, इंग्रजी कागद आणि मंत्रालय या सर्वांची ओळख असलेल्या वैमानिकास इतका काळ लागला. मग महागाव तालुक्यातील वेल्डरने कोणते दार ठोठवावे? त्याच्या वाटेला आले ते शेजाऱ्यांचे कौतुक. कौतुक गोड खरे, पण जोड तपासण्याच्या कामी येत नाही.

ही गोष्ट केवळ विमानाची आहे असे कोणी समजू नये. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे याच धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे झोपेतच गेली. इमारत जागची हलत नाही, विमान उडते, एवढाच फरक. भार दोघांनाही तोलावा लागतो आणि चीर दोघांनाही पडते. वेळीच पाहणारा, आणि पाहून माणसांना बाहेर काढणारा, दुसरा डोळा दोन्हीकडे सारखाच लागतो. मरणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात येतात; ज्या तपासणीने माणसे वाचली तिची बातमी होत नाही. म्हणूनच तपासणीला आपल्या समाजात मान नाही.

तर मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, पुष्कळ ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांनी वर्षातून काही दिवस आपले दार हाताने शिकलेल्या कारागिरांसाठी उघडावे. कोणी पवनचक्की आणील, कोणी शेतीचे यंत्र, एखादा वेडा पीर हेलिकॉप्टरही आणील. त्याला हसू नये आणि हारही घालू नये. पंखावर वाळूची पोती रचून तो किती वाकतो ते दाखवावे. पाते प्रथम फिरवावयाचे ते यंत्र जमिनीस साखळीने जखडून, आसन रिकामे ठेवून, भिंतीआडून दोरीने. हे त्याला शिकवावे. जोडातील चीर उघडी करणारा रंग कसा लावतात ते त्याच्या हातून करवून घ्यावे. यास विमानतळ लागत नाही आणि मोठा खर्चही नाही. रिकाम्या आसनावर आदळलेले पाते हा अपघात नव्हे, तो धडा होय.

कारागिरांनाही एक शब्द सांगावासा वाटतो. आपले काम दुसऱ्यास दाखविण्यात कमीपणा नाही. या गावचा जुना जॉबरसुद्धा स्वतःने बसविलेला माग चालू करण्याआधी शेजारच्याला हाक मारतो आणि म्हणतो, जरा बघ रे, काही राहिले का? त्या हाकेत नवख्याची भीती नसते; यंत्र किती निष्ठुर असते हे ओळखणाऱ्याचे ते शहाणपण असते. यवतमाळच्या त्या तरुणाला हाक ऐकणारा शेजारी भेटला नाही. त्याच्यासारखे हात या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांना शेजारी मिळवून देणे हे आपणां सर्वांचे काम आहे.